पूल-बिलियर्ड खेळणारे नेमके किती? क्लब टाकण्याआधी माणसे मोजा

देऊळगाव राजा येथील एका व्यापारी बांधवाचे पत्र आमच्याकडे आले आहे. बाजारपेठेत त्यांचे हार्डवेअरचे छोटे दुकान आहे. धाकटा भाऊ पाच वर्षे आखातात नोकरी करून परत आला. त्याची बचत आणि आईचे दागिने मोडून आलेली रक्कम मिळून घरात पाच लाख रुपये जमले आहेत. भावाच्या मनात पूल आणि स्नूकरचा क्लब काढायचे आहे. टेबल विकणारा एक एजंट घरी येऊन गेला. त्याने सांगितले, "देशात आज पाच कोटी लोक हा खेळ खेळतात. तुमच्या गावात एकही चांगली जागा नाही. तीन टेबल टाका आणि गल्ल्यावर बसा." पत्रलेखकाने आम्हाला एवढेच विचारले आहे, "हा पाच कोटींचा आकडा खरा आहे काय? खरोखर किती लोक खेळतात?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर एका घराची पाच वर्षांची मेहनत अवलंबून आहे. असा एजंट आज देऊळगाव राजाला आला, उद्या चिखली, मेहकर, लोणार किंवा भोकरदनलाही जाईल. म्हणून या पत्राचे उत्तर टपालाने न पाठवता आम्ही पानावरच देत आहोत.

आधी खेळ ओळखू या

बिलियर्ड, स्नूकर आणि पूल हे तीन वेगळे खेळ आहेत. काठी, कापड लावलेले टेबल आणि बॉल तिन्हींत असतात, म्हणून लोक सर्रास एकच नाव वापरतात. बिलियर्ड तीन बॉलवर खेळतात. स्नूकरला २२ बॉल लागतात: १५ लाल, ६ इतर रंगांचे आणि १ पांढरा. या दोन्ही खेळांचे टेबल १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद असते. पूलचे टेबल लहान, म्हणजे ७, ८ किंवा ९ फुटांचे असते. त्यात १५ क्रमांकाचे बॉल आणि एक पांढरा असतो. पूलचे पॉकेट टेबलाच्या मानाने मोठे असते, त्यामुळे नवा मुलगाही पहिल्या दिवशी दोन-चार बॉल टाकतो आणि खूश होतो. लहान गावात पूल आधी चालतो तो याच कारणाने.

हा खेळ परदेशी आहे असे कोणी म्हणेल. पण स्नूकरचा जन्मच आपल्या देशातला आहे. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी तो सुरू केला आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम बसवले गेले. आपल्या महाराष्ट्राचा वाटाही मोठा आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्डचे हौशी जगज्जेते झाले आणि १९६४ साली त्यांनी तो मान पुन्हा मिळवला. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीन वेळा हौशी जगज्जेते ठरले. मुंबईचेच यासीन मर्चंट यांनी १९८९ आणि २००१ साली आशियाई स्नूकर अजिंक्यपद जिंकले. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणी यांच्या नावावर तर पंचवीसहून अधिक जागतिक किताब आहेत.

एजंट मंडळी हीच नावे पुढे करतात. व्यापाऱ्याने मात्र लक्षात ठेवावे की चॅम्पियन किती झाले यावरून गिऱ्हाईक किती हे कळत नाही. विल्सन जोन्स जगज्जेते झाले त्या काळात हा खेळ मुख्यतः जिमखाने, बडे क्लब आणि लष्करी मेस यांच्या चार भिंतींत होता. सामान्य माणूस टेबलापर्यंत पोहोचतच नव्हता. १९९१ नंतर अर्थव्यवस्था मोकळी झाली, शहरांत पूल पार्लर निघाली, आणि ताशी भाडे देऊन कोणीही खेळू लागला. म्हणजे खेळाची कीर्ती जुनी आणि गिऱ्हाईक नवे, असा हा प्रकार आहे.

मोठ्या आकड्यांची गोम

जगात किती लोक खेळतात याचे आकडे अनेक आहेत. अमेरिकेत वेगवेगळ्या वर्षांच्या पाहण्यांत दोन कोटींपासून चार कोटींपर्यंत खेळाडू निघाले आहेत. चीनमध्ये पाच-सहा कोटी लोक खेळतात असे स्नूकरचे सामने भरवणारे सांगतात. हे आकडे ऐकून माणूस हरखून जातो. पण मोजले कोणाला, हे पाहिले तर गोम कळते.

अमेरिकेच्या पाहणीत साधारणपणे वर्षातून एक-दोनदा काठी हातात धरली तरी त्या माणसाची गणना खेळाडूंत होते. एखादा मनुष्य लग्नासाठी गेला, हॉटेलात टेबल दिसले, अर्धा तास खेळला, तो झाला खेळाडू. आपल्याकडे याच हिशेबाने मोजले तर दिवाळीत एकदा पतंग उडवणारा पतंगबाज आणि ईदला एकदा शेवया वळणारा हलवाई ठरेल. असा माणूस जगाच्या यादीत येतो, पण गल्ल्यात येत नाही.

दुसरी गोम पाहणाऱ्यांची. १९८५ साली इंग्लंडमध्ये डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस यांच्यातला जागतिक स्नूकरचा अंतिम सामना मध्यरात्र उलटून गेल्यावर संपला आणि तो १ कोटी ८५ लाख लोकांनी दूरदर्शन संचावर पाहिला. २००५ साली चीनमध्ये तरुण डिंग जुनहुई याचा अंतिम सामना सुमारे ११ कोटी लोकांनी पाहिल्याचे सांगतात. हे सगळे प्रेक्षक. एवढा प्रेक्षक असलेल्या इंग्लंडमध्येच २००७ साली बंद जागेतल्या धूम्रपानावर बंदी आली आणि त्यानंतर अनेक स्नूकर हॉलना कुलुपे लागली. टी.व्ही.वर खेळ चालतच राहिला, हॉल मात्र बंद पडले. पाहणारा आणि पैसे देऊन खेळणारा यांत एवढे अंतर असते.

तिसरी गोम मोबाईलची. आज गल्लोगल्ली पोरे मोबाईलवर पूल खेळताना दिसतात. हे पाहून भाऊ म्हणेल की गावातला प्रत्येक मुलगा हा खेळ जाणतो. जाणतो हे खरे. पण फुकट मिळणारी गोष्ट खेळणे आणि तासाला शंभर रुपये मोजणे यांत फरक आहे. मोबाईलवर खेळणाऱ्याला फार तर संभाव्य गिऱ्हाईक म्हणावे. त्याला हिशेबात धरू नये.

टेबलावरून माणसे मोजण्याची रीत

आपल्या देशात हा खेळ किती लोक खेळतात हे जनगणनेत विचारत नाहीत. संघटनेकडे नोंद असते ती स्पर्धेत उतरणाऱ्यांची, आणि ते मूठभर असतात. मग अंदाज बांधायचा कसा? आम्ही व्यापाऱ्याची रीत सुचवतो. गिरणीवाला गावात किती पोळ्या लाटल्या जातात हे घरोघर जाऊन मोजत नाही, चक्की दिवसाला किती तास चालते हे पाहतो. तसेच येथे टेबल पाहावे.

एक टेबल घ्या. क्लब दिवसाला बारा तास उघडा असला तरी टेबल सगळा वेळ भरलेले नसते. समजा ते रोज ५ तास चालते. आठवड्याचे झाले ३५ तास. टेबलावर कधी दोघे असतात, कधी चौघे जोडीने खेळतात, सरासरी अडीच माणसे धरू. ३५ ला अडीचने गुणले की साडेसत्त्याऐंशी तास होतात. आता नेहमी येणारा मुलगा आठवड्याला साधारण ३ तास खेळतो असे धरा. साडेसत्त्याऐंशीला तीनने भागले की उत्तर येते २९. थोडक्यात, चांगले चालणारे एक टेबल सुमारे ३० नियमित खेळाडूंवर जगते.

ही ३० ची संख्या लक्षात ठेवावी. तीच आपली फूटपट्टी. देशात १० हजार टेबले चांगली चालत असतील तर नियमित खेळाडू ३ लाख. १ लाख टेबले असतील तर ३० लाख.

आता एजंटचे पाच कोटी या फूटपट्टीने मोजू. पाच कोटींना तीसने भागा. सोळा लाखांहून अधिक टेबले लागतील. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात लहानमोठी शहरे जवळपास ८ हजार आहेत. म्हणजे प्रत्येक शहरात सरासरी दोनशेहून अधिक टेबले चालू असायला हवीत. महानगरात जास्त आणि लहान गावात कमी असे धरले तरी हिशेब बसत नाही. पत्रलेखकाने आपल्या ओळखीतल्या दहा गावांची नावे घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी किती टेबले आहेत ते बोटांवर मोजावे. पाच कोटींत जन्मात एकदा काठी धरलेले, टी.व्ही.वर पाहणारे आणि मोबाईलवर खेळणारे सगळे कोंबले असतील तर गोष्ट वेगळी. दर आठवड्याला खिशातून पैसे काढणारे पाच कोटी नाहीत, हे मात्र ठाम सांगता येते.

आता देऊळगाव राजा

देशाचा आकडा काहीही असो, क्लब चालणार तो गावच्या माणसांवर. देऊळगाव राजा शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३० हजारांच्या आसपास होती. त्यानंतरची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून तोच आकडा धरून चालू. निम्मे पुरुष धरले तर १५ हजार. लहान गावात आज तरी या खेळाचे गिऱ्हाईक म्हणजे तरुण मुलेच. पंधरा ते तीस वयाचे पुरुष साधारण चौथा हिस्सा असतात. म्हणजे सुमारे ४ हजार.

तीन टेबले चांगली चालायची तर आपल्या फूटपट्टीप्रमाणे ९० नियमित खेळाडू हवेत. ४ हजारांत ९० म्हणजे दर ४४-४५ तरुणांमागे एक. हे अशक्य नाही, पण आपोआप होणारेही नाही. या ४ हजारांतले किती जण शिक्षणासाठी आणि रोजगारासाठी पुण्या-मुंबईकडे गेले? किती जण शेतात, गॅरेजात, दुकानात रात्री नऊपर्यंत अडकलेले असतात? किती जणांच्या खिशात आठवड्याला शे-दीडशे रुपये मोकळे असतात? उलट बाजूने, आसपासच्या खेड्यांतून कॉलेजला येणारी मुलेही आहेत. ही वजाबाकी-बेरीज एजंटला करता येणार नाही. ती गावात जन्मलेल्या माणसालाच जमते.

आणखी एक सावधगिरी. आश्विनात बालाजीच्या यात्रेला गावात बाहेरची गर्दी लोटते. त्या दिवसांत सगळेच धंदे तेजीत असतात. त्यावरून बारा महिन्यांचा अंदाज बांधू नये. क्लब नवा असताना पहिले दोन महिने पोरे झुंडीने येतात, तेही धरू नये. परीक्षेचे दिवस, पेरणीचे दिवस आणि रमजानचे दिवसाचे तास हे रिकामे धरावेत. सोयाबीन-कापसाचा पैसा हातात येतो तेव्हा टेबल भरते, पाऊस रुसला की रिकामे पडते. शेतीवर जगणाऱ्या गावात करमणुकीचा खर्च सर्वांत आधी कापला जातो.

पस्तीस माणसांचा फरक

आता रुपयांचा हिशेब मांडू. खालचे भाव नमुन्याचे आहेत. वाचकांनी आपल्या गावचे भाव घालून पुन्हा मांडावेत.

समजा ८ फुटी पूल टेबल सामानासह सव्वा लाखाला पडले. तीन टेबलांचे पावणेचार लाख. रंगरंगोटी, दिवे, पंखे, इन्व्हर्टर, बाके यांना एक लाख. एकूण भांडवल पावणेपाच लाख.

महिन्याचा खर्च असा: जागेचे भाडे ९ हजार, एका मुलाचा पगार १० हजार, वीज ४ हजार, कापड-टिप-चॉक-दुरुस्ती यांसाठी बाजूला ठेवायचे ३ हजार आणि किरकोळ २ हजार. बेरीज २८ हजार.

तासाचा दर १०० रुपये धरू. तीन टेबले रोज ५ तास चालली तर महिन्याचे ४५ हजार येतील. खर्च वजा जाता १७ हजार उरतील आणि भांडवल सुमारे २८ महिन्यांत निघेल. मात्र टेबले रोज ३ तासच चालली तर येतील २७ हजार. म्हणजे महिन्याला एक हजाराची खोट.

वाचकांनी येथे थांबून विचार करावा. दुकान तेच, टेबले तीच, भाडे तेच. फरक फक्त रोजच्या दोन तासांचा. माणसांत मोजले तर ५ तासांना तीन टेबलांवर साधारण ८७ नियमित खेळाडू लागतात आणि ३ तासांना ५२. फरक ३५ माणसांचा. देशात पाच कोटी खेळतात की पन्नास लाख, याने या घराला काडीचा फरक पडत नाही. गावातली ही ३५ माणसे आहेत की नाहीत, यावर आईचे दागिने परत येणार की नाही हे ठरणार आहे.

शिवाय या हिशेबात धाकट्या भावाची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. तो सकाळी अकरापासून रात्री अकरापर्यंत बसणार असेल तर १७ हजारांतून त्याचा पगार आधी वजा करावा, आणि मग उरेल तो नफा म्हणावा. आपल्या बांधवांच्या अनेक धंद्यांत हीच चूक होते. घरच्या माणसाची मेहनत फुकट धरली जाते आणि वर्षअखेरीस बरकत का नाही हे कळत नाही.

मोजणी कशी करावी

क्लब काढण्याआधी एक महिना मोजणीला द्यावा असा आमचा आग्रह आहे. त्याला खर्च एस.टी.च्या भाड्याएवढा.

पहिले काम: जालना जवळच आहे, बुलढाणा जिल्ह्याचे ठिकाण आहे, चिखली मोठी बाजारपेठ आहे. यांपैकी जेथे क्लब असेल तेथे धाकट्या भावाने आठवड्यातले दोन साधे दिवस आणि एक रविवार जाऊन बसावे. दर तासाला वहीत लिहावे: किती टेबले चालू, किती रिकामी, किती माणसे खेळतात, किती नुसती बघतात. बघणारे नेहमी जास्त असतात. त्यांना धरू नये. मालकाला "धंदा कसा आहे" असे विचारू नये, कारण कोणताही मालक खरे सांगत नाही. टेबलाचे कापड मात्र खरे सांगते. पांढरा बॉल ठेवतात त्या जागी आणि पॉकेटच्या तोंडाशी कापड झिजलेले असेल तर टेबल चालते आहे.

दुसरे काम: आपल्या गावातले कॅरम बोर्ड मोजावेत. मोहल्ल्यांत, तालमीजवळ, चहाच्या दुकानामागे संध्याकाळी कोठे कोठे बोर्ड लागतो, आणि रात्री किती वाजेपर्यंत मुले बसतात, हे पाहावे. कॅरम आणि पूल यांची नजर एकच आहे: कोन पाहायचा, कड मारायची आणि पुढच्या सोंगटीसाठी जागा ठेवायची. कॅरमचा शौकीन हा पूलचा पहिला गिऱ्हाईक होय. गावात रोज वीस-पंचवीस बोर्ड रंगत असतील तर आशा आहे. पाच-सहाच असतील तर टेबल घेण्याआधी दहा वेळा विचार करावा.

तिसरे काम: शंभर तरुणांना एकच प्रश्न विचारावा, "गेल्या आठवड्यात करमणुकीवर खिशातून किती खर्च केलास?" "क्लब काढला तर येशील का?" असे कधी विचारू नये. त्याला सगळे हो म्हणतात. हो म्हणायला पैसे लागत नाहीत.

आणि शेवटी, तीनऐवजी एका टेबलाने सुरुवात करावी. हार्डवेअरच्या दुकानामागे किंवा घराच्या तळमजल्यावर जागा असेल तर भाडेही वाचेल. ८ फुटी टेबलाभोवती काठी फिरवायला सुमारे १७ फूट लांब आणि साडेतेरा फूट रुंद मोकळी खोली लागते. स्लेटच्या दगडाचे टेबल काही क्विंटलचे असते आणि १२ फुटी स्नूकर टेबल तर एका टनाहून जड असते. म्हणून माळ्यावर टाकण्याआधी गवंड्याला स्लॅब दाखवावा. एका टेबलावर सहा महिन्यांत तीस नियमित मुले जमली आणि पाळीसाठी रांग लागू लागली, की दुसरे टेबल घ्यावे. ती रांग हीच आपली जनगणना.

इज्जतीचा आणि कायद्याचा प्रश्न

या धंद्याचे नाव अनेक गावांत बदनाम आहे हे लपवून उपयोग नाही. खेळ वाईट नाही. त्याला नजर, धीर आणि हिशेब लागतो. बदनामी येते ती शर्तीमुळे, सिगारेटमुळे आणि शाळा चुकवून येणाऱ्या पोरांमुळे.

पुष्कळ क्लबांत हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे अशी चाल आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात ही चाल खटकेल आणि त्याबद्दल त्यांनी आपल्या जाणत्या आलिमांना विचारावे. व्यापाराच्या दृष्टीने आमचे म्हणणे एवढेच की भाडे तासावर घ्यावे आणि खेळणाऱ्यांनी ते सारखे वाटून द्यावे असा नियम भिंतीवर लिहावा. शंकेला जागा उरत नाही आणि हरलेल्या मुलाचे भांडण गल्ल्यापर्यंत येत नाही. टेबलाच्या कडेला उभे राहून तिसरा कोणी पैसे लावू लागला तर त्याला त्याच क्षणी बाहेर काढावे. खेळ कौशल्याचा असला तरी त्यावर लावलेला जुगार पोलिसांना आमंत्रण देतो, आणि १८८७ सालचा जुगारबंदीचा कायदा जागेच्या मालकालाही सोडत नाही.

परवान्याची चौकशी नगरपरिषद, तहसील आणि पोलीस ठाणे या तिन्ही ठिकाणी टेबल घेण्याआधी करावी. बंद सार्वजनिक जागेत धूम्रपानाला देशात २००८ पासून सक्त मनाई आहे. शाळेच्या वेळात गणवेशातल्या मुलाला दारातूनच परत पाठवावे. आज शंभर रुपये जातील, पण त्याच मुलाचा बाप उद्या तुमच्या दुकानातून खिळे घेणार आहे. हार्डवेअरचा गल्ला आणि क्लबचा गल्ला एकाच घराच्या नावावर चालतो, हे थोरल्या भावाने विसरू नये.

कारागिरांसाठी दोन शब्द

क्लब निघो न निघो, या खेळात आपल्या कारागिरांना काम आहे. बॉल परदेशातून येतात. आजचे चांगले बॉल फिनॉलिक रेझिनचे असतात आणि बेल्जियम देश त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. ते आपल्याकडे बनवता येणार नाहीत. पण टेबल एकदा गावात आले की त्याची सेवा गावातच लागते.

टेबलाचे कापड झिजते, फाटते आणि बदलावे लागते. ते ताणून सुरकुती न पडता बसवणे हे सोफा-गादीचे काम करणाऱ्या कारागिराच्या हाताला लवकर जमणारे काम आहे. टेबल पाणसळीत आणणे, पाय बसवणे, कडेच्या लाकडी पट्ट्या आणि त्यांतले रबर नीट करणे हे सुताराचे काम. काठीच्या टोकाची चामड्याची टिप झिजली की नवी चिकटवून गोल घासावी लागते, हे तर मोच्याच्या किंवा सुताराच्या घरातला चुणचुणीत मुलगा पंधरा दिवसांत शिकेल. लहान गावच्या क्लबमालकाला या कामासाठी शहरातून माणूस बोलवावा लागला तर प्रवासखर्च, मुक्काम आणि मजुरी असा तिहेरी भुर्दंड पडतो, आणि माणूस येईपर्यंत टेबल बंद राहते ते वेगळे. जो कारागीर आजूबाजूच्या चार-पाच तालुक्यांतल्या टेबलांची देखभाल घेईल त्याला भांडवल न गुंतवता उत्पन्नाची एक जोड मिळेल. कोणत्या गावात किती टेबले आहेत याची यादी करणे हे त्याचेही पहिले काम. म्हणजे मोजणी येथेही सुटत नाही.

पत्राचे उत्तर

आमच्या पिढीने अनेक लाटा पाहिल्या. व्हिडिओ पार्लर आले, मग एस.टी.डी.-पी.सी.ओ.चे बूथ आले, मग सायबर कॅफे आले. प्रत्येक वेळी कोणीतरी मोठा आकडा सांगत आले. ज्यांनी लवकर सुरुवात केली आणि वेळीच आवरले त्यांनी कमावले. ज्यांनी शेजाऱ्याचे पाहून शेवटी उडी घेतली त्यांची यंत्रे भंगारात गेली. पूलच्या टेबलाचेही तेच होईल असे आम्ही म्हणत नाही. खेळ दीडशे वर्षे टिकला आहे. पण खेळ टिकला म्हणून प्रत्येक क्लब टिकेल असे नाही.

तेव्हा देऊळगाव राजाच्या आमच्या बांधवाला उत्तर असे: पाच कोटींचा आकडा ज्या अर्थाने तुम्हाला ऐकवला गेला त्या अर्थाने खरा नाही. दर आठवड्याला पैसे देऊन खेळणारे त्याच्या एका लहान हिश्शाएवढेच असतील, आणि ते बहुतेक मोठ्या शहरांत असतील. तुमच्यासाठी मात्र तो प्रश्नच नाही. तुमचा प्रश्न ३० माणसांचा आहे. पहिल्या टेबलासाठी ३० नावे वहीत लिहून काढा. नावे, "पोरे येतील" एवढे नव्हे. नाव, मोहल्ला, आणि तो आठवड्याला किती खर्च करू शकतो. तीस नावे खात्रीने लिहिता आली तर धाकट्या भावाला एक टेबल घेऊ द्या. पाच लाखांतले सव्वा ते दीड लाख लागतील, उरलेले हाताशी राहतील आणि आईच्या दागिन्यांच्या रकमेला हात लागणार नाही.

दहा-बारा नावांपुढे पेन थांबले तर एजंटला चहा पाजा आणि परत पाठवा.